ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे कनेक्टर आणि सुधारित सुटे भाग: तपासणी, निवड आणि बदली

गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो, स्कॅनर पी०७०० हा बिघाडाचा कोड दाखवतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, असंच सगळ्यांना वाटतं. पण नेमक्या याच लक्षणांमागे पुष्कळदा ऑइलने भिजलेला कनेक्टर, सैल झालेली एखादी पिन किंवा उष्णतेने कडक होऊन चिरलेली वायर निघते. तिकडे न बघता थेट व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे ऑइलचा दाब हव्या त्या गिअरकडे वळवणारा आतला भाग, बदलायला घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कनेक्टरला लोक किरकोळ वस्तू समजतात, आणि तिथेच पुढची कामं फसतात. कनेक्टर हा गिअरबॉक्सचा स्वतंत्र भाग आहे. त्याचं आयुष्य ठरलेलं असतं, त्याच्या सुधारित आवृत्त्या निघतात, आणि तो बदलायचा तर सील, समोरचा जोड आणि गरज पडली तर सॉफ्टवेअर यांच्यासकट बदलावा लागतो. या लेखात तपासणीपासून ऑइलची पातळी जुळवण्यापर्यंतचं काम मी ज्या क्रमाने करावं असं मानतो, त्याच क्रमाने दिलं आहे.

आधी रचना ओळखा

गिअरबॉक्समध्ये वीज शिरण्याच्या ढोबळ मानाने दोन पद्धती आहेत. पहिलीत कंट्रोल युनिट बाहेर, इंजिनाच्या खोलीत किंवा केबिनमध्ये असतं. तिथून निघालेलं वायरचं जुडगं, म्हणजे हार्नेस, गिअरबॉक्सच्या केसवर (बाहेरच्या कवचावर) एका मोठ्या कनेक्टरला लागतं आणि हा कनेक्टर केसमधून आरपार आत जातो. आत सोलेनॉइड (ऑइलचा मार्ग उघडणाऱ्या-मिटणाऱ्या विजेच्या झडपा), वेगाचे सेन्सर आणि तापमानाचा सेन्सर असतात. मर्सिडीजचा १९९६ पासूनचा पाच गिअरचा ७२२.६ आणि जनरल मोटर्सचा १९९३ पासूनचा ४एल६०-ई याच पद्धतीचे. ७२२.६ च्या आत सुट्या वायरींऐवजी कंडक्टर प्लेट आहे, म्हणजे तांब्याच्या पट्ट्या प्लास्टिकमध्ये बसवलेली एक ताटली. वेगाचे दोन सेन्सर आणि तापमानाचा सेन्सर तिच्यावरच असतात.

दुसऱ्या पद्धतीत कंट्रोल युनिटही गिअरबॉक्सच्या आत, ऑइलमध्येच बसलेलं असतं. व्हॉल्व्ह बॉडी आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून झालेल्या या एकसंध भागाला मेकॅट्रॉनिक म्हणतात. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजमधून आलेल्या झेडएफच्या ६एचपी घराण्यात हीच रचना आहे. मर्सिडीजच्या सात गिअरच्या ७२२.९ मध्ये कंट्रोल युनिट कंडक्टर प्लेटवरच आहे. अशा गिअरबॉक्सला बाहेरून थोड्याच वायरी लागतात: बॅटरीचा पुरवठा, अर्थिंग (अर्थ), इग्निशन आणि कॅन बसची जोडी, म्हणजे कंट्रोल युनिटं एकमेकांशी बोलतात त्या दोन तारा. त्यामुळे बाहेरच्या कनेक्टरवर मीटर लावून आतला सोलेनॉइड मोजता येत नाही. तुमच्या गाडीची पद्धत कोणती हे कळल्याशिवाय मीटरला हात लावू नका.

बिघाड होतो कसा

सगळ्यात साधं कारण म्हणजे उष्णता. चालत्या गिअरबॉक्सचं ऑइल ८० ते १०० अंशांपर्यंत तापतं आणि कनेक्टर बऱ्याचदा एक्झॉस्टच्या शेजारी असतो. रबराची ओ-रिंग, म्हणजे सीलची गोल कडी, काही वर्षांत कडक होते, तिचा गोल छेद चपटा पडतो आणि ऑइल झिरपू लागतं. आतल्या वायरींचं आवरणही ठिसूळ होतं. फोक्सवॅगनच्या चार गिअरच्या ०१एम मध्ये आतलं हार्नेस पट्टीसारख्या पातळ फिल्मचं आहे. तापून तापून ते इतकं नाजूक होतं की सोलेनॉइडवरून ओढून काढताना सहज चिरतं.

दुसरं कारण कंपन. कनेक्टरमधली कथिलाचा मुलामा दिलेली पिन सतत बारीक हलत राहिली की तिच्यावर काळसर थर जमतो. डोळ्यांना पिन ठीक दिसते, पण संपर्क अधूनमधून तुटतो. सोन्याचा मुलामा असलेली पिन कथिलाच्या पिनेशी जोडू नये, त्याचं कारणही हेच. दोन वेगळे धातू घासले की हा थर लवकर धरतो.

तिसरं कारण फार कमी जणांना माहीत असतं आणि नुकसान मात्र सगळ्यात मोठं तेच करतं. ऑइल वायरच्या आतून प्रवास करतं. तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून ते केशाकर्षणाने, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, वर सरकत जातं. ७२२.६ मध्ये हे प्रसिद्ध आहे. केसमधून आरपार जाणाऱ्या १३ पिनांच्या जोडाच्या, म्हणजे प्लग अडॅप्टरच्या, ओ-रिंगा गेल्या की ऑइल बाहेरच्या कनेक्टरमध्ये येतं, तिथून वायरींच्या पोटातून थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचतं आणि त्याच्या पिनांमध्ये साचतं. म्हणून गिअरबॉक्सपाशी ओल दिसली की तेवढ्यावर थांबू नका. कंट्रोल युनिटचा कनेक्टरही काढून बघा. तिथे पांढरा कागद किंवा कापसाचा बोळा टेकवल्यावर तो लालसर ओला झाला, तर काम केवळ ओ-रिंग बदलून भागणार नाही.

कोडची भाषा

पी०७०० हा नुसता निरोप आहे: गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटकडे काहीतरी नोंदलेलं आहे. खरा कोड वाचायला त्या युनिटशी बोलणारा स्कॅनर लागतो. त्यानंतर एकच प्रश्न विचारायचा, की कोड सर्किटचा आहे की कामगिरीचा. पी०९७३ आणि पी०९७४ हे शिफ्ट सोलेनॉइड ए च्या सर्किटचे कोड, पहिला व्होल्टेज कमी असल्याचा आणि दुसरा जास्त असल्याचा. पी०७१५ आणि पी०७२० हे इनपुट आणि आउटपुट वेगाच्या सेन्सरचे, पी०७०५ गिअर लिव्हरची जागा सांगणाऱ्या सेन्सरचा, पी०७१० ऑइलच्या तापमानाचा. असले कोड आले की आधी वायर, पिन आणि कनेक्टर. उलट पी०७३० ते पी०७३६ म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. तिथे क्लच घसरणं, ऑइल कमी असणं, व्हॉल्व्ह अडकणं यांकडे मोर्चा वळवावा. यू०१०१ आला तर कंट्रोल युनिटशी संपर्कच तुटलेला असतो.

एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम दिसले, तर पाच-सहा भाग एकदम बिघडलेत असं समजू नका. त्यांचा सामाईक पुरवठा किंवा अर्थ तपासा. बॅटरीही इथेच बघून घ्या. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत.

थेट आकड्यांचा कप्पाही उघडा. ऑइलचं तापमान उणे ४० दिसत असेल तर ते सर्किट उघडं आहे. बहुतेक गिअरबॉक्समध्ये तापमान वाढलं की या सेन्सरचा रोध कमी होतो, म्हणून तुटलेली वायर कंट्रोल युनिटला अतिथंड ऑइलसारखी भासते. याउलट थंड गाडीतही आकडा अशक्य वाटण्याइतका मोठा असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे.

मीटर लावताना

इग्निशन बंद करा, कंट्रोल युनिट झोपेपर्यंत काही मिनिटं थांबा आणि मग बॅटरीची ऋण बाजू काढा. गाडीखाली जायचं असेल तर ती सपाट, टणक जागी चार स्टँडवर टेकलेली हवी. जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. एक्झॉस्ट थंड होऊ द्या.

कनेक्टर काढल्यावर पहिल्यांदा नुसतं निरखून बघा. वाकलेली पिन, हिरवट किंवा काळा डाग, वितळलेलं प्लास्टिक, आत सरकलेलं टर्मिनल. मल्टीमीटरची जाड टोकं मादी टर्मिनलमध्ये समोरून खुपसू नका. त्याने तिची पकड सैल होते आणि नसलेला बिघाड तुम्हीच तयार करता. मागून, वायरच्या बाजूने बारीक सुईसारखा प्रोब घाला. पकड तपासायची तर त्याच मापाचं सुटं नर टर्मिनल घेऊन प्रत्येक भोकात एकदा सरकवून बघा. हाताला किंचित अडखळ लागली पाहिजे. एखाद्या भोकात ते ढिलं पडलं, तर रोध मोजून काही उपयोग नाही. ते टर्मिनल बदला.

सोलेनॉइडचा रोध मोजताना मीटरच्या दोन्ही वायरी आधी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा करा. नुसते उघडणारे-मिटणारे सोलेनॉइड बहुतेक गिअरबॉक्समध्ये १० ते ४० ओहमांच्या दरम्यान असतात आणि दाब कमी-जास्त करणारे ३ ते ८ ओहमांच्या. पण हे ढोबळ आहे. ७२२.६ मध्ये शिफ्ट सोलेनॉइडच ४ ओहमच्या आसपास असतात, म्हणून गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा समोर ठेवा आणि तो किती तापमानाला दिलाय तेही वाचा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ५ ओहम असलेली गुंडाळी ९० अंशांना जवळपास ६.४ ओहम दाखवेल आणि ते अगदी बरोबर असेल.

मग प्रत्येक पिन ते केस असा रोध बघा. साधारणपणे मीटरने काहीच दाखवू नये. टोयोटाच्या काही गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइडचा अर्थ त्याच्या बॉडीतूनच जातो, तिथे हा नियम लावू नका. वेगाचा सेन्सर दोन तारांचा चुंबकीय प्रकारचा असेल तर त्याचा रोध मोजता येतो. हॉल प्रकारच्या सेन्सरचा ओहममध्ये मोजलेला आकडा काहीच सांगत नाही. बॅटरी परत जोडून त्याला पुरवठा येतोय का आणि चाक फिरवल्यावर सिग्नल बदलतो का, एवढंच बघायचं. मेकॅट्रॉनिक असेल तर बॅटरी काढलेली असताना कॅन हाय आणि कॅन लो या बसच्या दोन तारांमध्ये ६० ओहमच्या आसपास आकडा यावा. बसच्या दोन टोकांना १२०-१२० ओहम समांतर असतात, त्याचा हा हिशेब.

आता ज्या चाचणीशिवाय मी कोणत्याही हार्नेसला चांगलं म्हणणार नाही, ती. मीटर रोध मोजताना अगदी नगण्य करंट सोडतो. वायरमधल्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या तरी उरलेली एक तार मीटरला खूश ठेवते. म्हणून वायरची दोन्ही टोकं कंट्रोल युनिट आणि गिअरबॉक्सपासून सोडवा आणि तिच्यातून १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब पेटवा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. बल्ब लख्ख पेटला पाहिजे, आणि पेटलेला असताना हार्नेस हलवला, वळवला तरी लुकलुकता कामा नये. संपर्कात एक ओहमचा अडथळा असेल तर एक अँपिअरला एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि त्या चिमुकल्या पिनेवर एक वॅट उष्णता निघते. प्लास्टिक वितळलेलं दिसतं ते यामुळेच. बल्बची चाचणी कंट्रोल युनिट जोडलेलं असताना मुळीच करू नका.

भाग मागवताना

इथे घाई करू नका. उत्पादक एखादा भाग सुधारतो तेव्हा जुना क्रमांक बंद होतो आणि त्याच्या जागी नवा येतो. जुन्या भागावर छापलेला क्रमांक बघून तोच मागवला तर गोदामात पडून राहिलेली जुनी आवृत्ती हाती येऊ शकते. चासी क्रमांक देऊन आजचा चालू क्रमांक काढून घ्या. ७२२.६ च्या प्लग अडॅप्टरचा सर्वत्र वापरला जाणारा सुधारित क्रमांक ए २०३ ५४० ०२ ५३ आहे. आकाराने लहानसा भाग, पण त्याच्या दोन ओ-रिंगांवर कंट्रोल युनिटचं आयुष्य टांगलेलं असतं.

बाहेरून सारखे दिसणारे भाग सारखे असतीलच असं नाही. ४एल६०-ई चा केसवरचा गोल कनेक्टर २० पिनांचा असतो, पण १९९५ पासून टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचचं नियंत्रण स्पंदनांच्या पद्धतीने होऊ लागलं. त्याआधीच्या दोन वर्षांतलं आतलं हार्नेस आणि नंतरचं हार्नेस म्हणूनच एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वर्ष आणि चासी क्रमांक दोन्ही द्या आणि नवा भाग हाती आल्यावर जुन्याच्या शेजारी ठेवून पिन मोजा.

सुधारणा नेहमी कनेक्टरच्या रूपातच येते असंही नाही. फोर्डच्या सहा गिअरच्या ६आर८० मध्ये आउटपुट वेगाचा सेन्सर आतल्या लीड फ्रेमवर, म्हणजे विजेच्या जोडण्यांच्या ताटलीवर, असतो. त्याचा सिग्नल क्षणभर तुटला की गाडी चालतानाच अचानक पहिल्या गिअरमध्ये उतरू शकत होती. याच कारणाने एफ-१५० गाड्या २०१६ मध्ये परत बोलावल्या गेल्या आणि २०१९ मध्ये २०११ ते २०१३ च्या आणखी गाड्या त्यात आल्या. त्या मोहिमेतला उपाय सॉफ्टवेअर बदलण्याचा होता. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजी या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, कारण उष्ण आणि दमट हवेत सिंथेटिक ऑइलमुळे विजेचा बिघाड होत होता. उपाय म्हणून खनिज ऑइल घातलं गेलं. तुमच्या गाडीसाठी अशी मोहीम निघाली होती का आणि ती पूर्ण झाली का, हे भाग मागवण्याआधी चासी क्रमांकावरून तपासा.

मागणी नेहमी संचाची द्या. कनेक्टर, त्याच्या ओ-रिंगा, समोरच्या बाजूचा जोड खराब असेल तर त्याचा पिगटेल म्हणजे वायरच्या तुकड्यांसकट येणारा तयार कनेक्टर, पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं तसराळं) उघडणार असाल तर गॅस्केट, फिल्टर आणि नेमक्या प्रतीचं ऑइल. ६एचपी मध्ये पॅन प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्याच्यातच बसवलेला असतो, त्यामुळे पॅनच नवा घ्यावा लागतो. मेकॅट्रॉनिक खाली उतरवणार असाल तर त्याच्या आणि गिअरबॉक्सच्या मधला ब्रिज सील आणि नळ्यांचे सीलही त्याच खेपेला घ्या. ते राहिले तर महिनाभराने तेच काम पुन्हा करावं लागतं.

नकली भागांची ओळख हाताळल्यावरच पटते. साच्याच्या कडांना उरलेलं जादा प्लास्टिक, पुसट छपाई, बोटाने दाबल्यावर निर्जीव वाटणारी ओ-रिंग, एकाच रेषेत नसलेल्या पिना. यातलं काहीही दिसलं तर तो भाग गाडीत बसवू नका. वापरलेला कंट्रोल युनिट किंवा ७२२.९ ची वापरलेली कंडक्टर प्लेटही सहसा घेऊ नये. नवीन असली तरी ती गाडीला कोडिंग करून जुळवावी लागते, हे खर्चात आधीच धरा.

बाहेरचा कनेक्टर बदलणं

प्लास्टिक वितळलंय किंवा लॉक तुटलाय आणि वायर चांगली आहे, अशा वेळी पिगटेल लावतात. आधी जुन्या कनेक्टरचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पिगटेलच्या वायरींचे रंग गाडीच्या रंगांशी जुळतील या भ्रमात राहू नका. जोडणी घराच्या, म्हणजे पिन बसते त्या खाचेच्या, क्रमांकावरून करायची. हा क्रमांक समोरून पाहिल्यावर एका बाजूने मोजला जातो आणि वायरच्या बाजूने पाहिल्यावर आरशासारखा उलटा होतो. आकृती कोणत्या बाजूने काढलीय हे तिच्यावर लिहिलेलं असतं; ते वाचल्याशिवाय कटर हातात घेऊ नका.

एका वेळी एकच वायर कापा आणि तीच जोडून संपवा. सगळ्या वायरी एकाच ठिकाणी कापल्या तर जोडांची गाठ तयार होते आणि तिथेच वाकून त्या तुटतात, म्हणून प्रत्येक जोड आधीच्यापासून दोन-तीन सेंटीमीटर पुढे-मागे ठेवा. कनेक्टरपासून चार सेंटीमीटरच्या आत जोड नको. वायरीचं आवरण सहा-सात मिलीमीटर सोला, एकही तार कापली जाऊ देऊ नका, उघड्या धातूच्या नळीत दोन्ही टोकं घालून योग्य मापाच्या पकडीने क्रिंप करा आणि वरून आतल्या बाजूने गोंद असलेली श्रिंक ट्यूब तापवा. गोंदाची बारीक कड दोन्ही टोकांना बाहेर आली की जोड बंद झाला. सोल्डरिंगपेक्षा मी क्रिंप पसंत करतो. कथील वायरमध्ये वर चढून जिथे थांबतं तिथे वायर ताठ होते आणि कंपनाने बरोबर तिथेच मोडते. कॅन आणि सेन्सरच्या पीळ दिलेल्या जोड्यांचा पीळ जोडापर्यंत तसाच राहू द्या.

एकच टर्मिनल बदलायचं असेल तर काम नाजूक, पण समाधान देणारं आहे. आधी कनेक्टरचं दुय्यम लॉक उघडा, टर्मिनलची जीभ बारीक साधनाने दाबा आणि वायर मागे ओढा. नवं टर्मिनल लावताना सिलिकॉनचं छोटं सील आधी वायरवर चढवा. टर्मिनलचे पुढचे दोन पंख फक्त तांब्यावर दुमडायचे, मागचे दोन सीलला कवेत घेऊन आवरणावर. दुमडल्यावर पुढच्या पंखांच्या टोकातून तांब्याचे केसाएवढे ठिपके दिसले पाहिजेत आणि दोन पंखांच्या मध्ये आवरणाची कड दिसली पाहिजे. घरात ढकलल्यावर बोटाला बारीक खटका जाणवतो. तो जाणवला की वायर हलकेच मागे ओढून बघा आणि मग दुय्यम लॉक बंद करा. हे लॉक सहज बसत नसेल तर एखादं टर्मिनल अर्धवट शिरलेलं आहे, जोर लावू नका.

केसमधून आरपार जाणारा कनेक्टर

७२२.६ पासून सुरू करू. कनेक्टर गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला असतो आणि काही गाड्यांत त्याच्यावर उष्णतारोधक पत्रा असतो. पत्रा काढा, भोवतालची माती पुसून काढा. आत गेलेला वाळूचा एक कण पुरेसा असतो. कनेक्टरची कडी घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवली की तो सुटतो. आत पिना ओल्या चमकताना दिसल्या तर निदान तिथेच झालं. अडॅप्टर ७ मिलीमीटरच्या डोक्याच्या एका बोल्टने धरलेला असतो. बोल्ट सोडवा, खाली ट्रे ठेवा आणि अडॅप्टर सरळ बाहेर ओढा. थोडं ऑइल येईल.

केसचं भोक बिनधाग्याच्या कापडाने पुसा. नव्या ओ-रिंगांना त्याच गिअरबॉक्सचं ऑइल लावा. सिलिकॉन ग्रीस किंवा सीलंट आत जाऊ देऊ नका. अडॅप्टर सरळ दाबून बसवा, तिरका शिरला तर ओ-रिंग कापली जाते. बोल्ट मॅन्युअलमधल्या हलक्या टॉर्कलाच आवळा; इथे जास्त जोर लावून प्लास्टिक फोडल्याच्या कहाण्या प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात. बाहेरचा कनेक्टर विजेच्या भागांसाठी असलेल्या क्लीनरने धुवा. ब्रेक क्लीनर काही प्लास्टिकना चिरा पाडतो, तो इथे नको. वायरींच्या पोटात ऑइल गेलेलं असेल तर कंट्रोल युनिटच्या बाजूचा कनेक्टर काही दिवसांनी पुन्हा उघडून पुसावा लागतो, कारण आतलं उरलेलं ऑइल बराच काळ झिरपत राहतं. खूपच भिजलं असेल तर हार्नेसचा तेवढा भाग बदलणंच शहाणपणाचं.

६एचपी मध्ये हीच भूमिका मेकॅट्रॉनिकची प्लास्टिकची नळी बजावते. तिच्या बाहेरच्या ओ-रिंगा कडक होतात आणि ऑइल पॅनच्या मागच्या बाजूला ओघळतं. पॅन गळतोय असं समजून लोक पॅन बदलतात आणि गळती चालूच राहते. नळी बाहेरून ओढून निघत नाही. आधी पॅन उतरवावा लागतो, कारण तिला धरून ठेवणारा सरकता लॉक आत मेकॅट्रॉनिकवर असतो. बाहेरचा कनेक्टर काढा, आतला लॉक सोडवा, मगच नळी बाहेर ओढा. लॉक न सोडता मेकॅट्रॉनिक खाली उतरवायला गेलात तर पिनांचा ठोकळाच फुटतो. त्या उघड्या पिनांना बोट लावू नका आणि हात लावण्याआधी गाडीच्या धातूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवा. नवी नळी घातल्यावर लॉक पूर्ण सरकला याची खात्री करा.

पॅनच्या आतली कामं

आतलं हार्नेस, सोलेनॉइड किंवा कंडक्टर प्लेट बदलताना पहिला नियम स्वच्छतेचा, दुसरा टॉर्कचा. उकळतं ऑइल सोडू नका, कोमट असताना सोडा. ते किती निघालं ते मोजून ठेवा आणि पॅनमधल्या चुंबकावर काय चिकटलंय ते बघा: राखाडी मऊ चिखल नेहमीचाच, पण धातूच्या चकत्या दिसल्या तर दुखणं विजेचं नाही.

आतल्या हार्नेसची तुटलेली वायर घरगुती वायरने जोडू नका. साध्या पीव्हीसीचं आवरण तापलेल्या ऑइलमध्ये कडक होऊन गळून पडतं. त्या गिअरबॉक्ससाठी बनवलेलं पूर्ण हार्नेसच घाला. सोलेनॉइड काढताना वायर ओढू नका, जीभ दाबून कनेक्टर उचला. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन टप्प्यांत आवळा. ७२२.६ मध्ये हे आणि पॅनचे बोल्टही ८ न्यूटन-मीटरचे आहेत, म्हणजे छोटा टॉर्क रेंच लागणारच. ६एचपीच्या पॅनला १० न्यूटन-मीटर.

ऑइल, अ‍ॅडाप्टेशन आणि पुन्हा तपासणी

ऑइलच्या प्रतीत तडजोड करू नका. डेक्सरॉन ६, एटीएफ+४, लाइफगार्ड ६ ही एकमेकांच्या जागी घालायची द्रव्यं नाहीत. पातळी तापमानावर ठरते. ६एचपी मध्ये इंजिन चालू ठेवून, लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद फिरवून, ऑइल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना भरण्याच्या भोकातून ते ओघळेपर्यंत भरतात. ७२२.६ मध्ये वर्कशॉपच्या मोजकाठीवर २५ आणि ८० अंशांच्या वेगळ्या खुणा असतात. तापमान स्कॅनरवर वाचा, अंदाजाने नको.

बॅटरी जोडून कोड पुसा आणि त्या गिअरबॉक्सला लागू असेल तर अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे कंट्रोल युनिटने शिकून साठवलेली जुळवणी, शून्यावर आणा. मेकॅट्रॉनिक किंवा सोलेनॉइड बदलले असतील तर हे टाळू नका, कारण कंट्रोल युनिट जुन्या भागांच्या झिजेनुसार दाब ठरवत असतं. पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने, सगळे गिअर वर-खाली पडतील असं चालवा. शिफ्ट सुरुवातीला थोडी राकट लागली तर लगेच घाबरू नका.

मग गाडी पूर्ण तापू द्या आणि स्कॅनर जोडलेला असतानाच खाली कनेक्टरजवळचा हार्नेस हलवून बघा. थंड असताना पास झालेली जोडणी गरम झाल्यावर तुटू शकते. साधारण पाचशे किलोमीटरनंतर कनेक्टर पुन्हा एकदा उघडा, पिना आणि कंट्रोल युनिटची बाजू कोरडी आहे ना ते बघा, प्रलंबित कोड वाचा. जुना कनेक्टर तोवर फेकू नका. एखादी जोडणी पुन्हा पडताळायची वेळ आली, तर त्याच्याच घरांवरून क्रमांक मोजता येतात.